सायन्समधून बीबीएला आल्यावर अकाउंट्सचा अभ्यास कसा करायचा?

प्रश्न असा आहे: "मी बारावी सायन्स करून बीबीएच्या पहिल्या वर्षाला आले. वर्गातल्या कॉमर्सच्या मुलींना अकाउंट्स सोपं जातं, माझं डेबिट-क्रेडिटपासूनच अडतं. नियम पाठ केले. सोडवलेली गणितं वाचली की कळल्यासारखं वाटतं, पण स्वतः सोडवायला घेतलं की ताळेबंद जुळत नाही. हल्ली सगळं सॉफ्टवेअरच करतं, मग टॅलीचा कोर्स केला तर भागेल का? आणि पुढे सीए करावंसं वाटलं तर उशीर झालाय का?"

मी सीए आहे. प्रॅक्टिस करते आणि पदवीच्या वर्गांना अकाउंट्स शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर जरा सविस्तर देते, कारण "रोज गणितं सोडव" एवढ्याने तुझी अडचण सुटणार नाही.

सायन्समधून येण्याचा तोटा वाटतो तेवढा मोठा नाही. कॉमर्सच्या मुलांनी अकरावी-बारावीला 'पुस्तपालन व लेखाकर्म' केलेलं असतं. रोजकीर्द (जर्नल), खतावणी (लेजर), तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी) हे सगळे नमुने त्यांच्या हाताखालून गेलेले असतात. ही आघाडी पहिल्या सेमिस्टरपुरती. पुढे 'कसं मांडायचं' यापेक्षा 'असं का मांडायचं' हे विचारलं जातं, आणि तिथे नुसता नमुना पाठ असलेली मुलं अडतात. तुला वाचताना कळतं आणि लिहिताना जमत नाही, याचं कारण तू नोंद वाचते आहेस. तिच्यामागचा व्यवहार वाचायचा राहून जातोय.

डेबिट-क्रेडिट म्हणजे नावे-जमा. पुस्तकातले तीन नियम तू पाठ केलेस: घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं जमा, येणारी वस्तू नावे, जाणारी जमा, खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. नियम बरोबर आहेत आणि कित्येक पिढ्यांनी त्यांवर वह्या लिहिल्या. पण ते लावण्याआधी खातं व्यक्तिगत (माणसा-संस्थांचं), वास्तविक (वस्तू-मालमत्तेचं) की नामधारी (खर्च-उत्पन्नाचं) हे ओळखावं लागतं, आणि नवीन मुलं तिथेच अडखळतात. मार्चचा पगार एप्रिलमध्ये द्यायचा आहे, तर 'देय पगार' हे खातं कुठल्या प्रकारचं? वर्गात विचारलं की निम्मे हात 'नामधारी' म्हणून वर जातात. ते प्रातिनिधिक व्यक्तिगत खातं आहे, म्हणजे ज्यांना पगार द्यायचा आहे त्या माणसांच्या वतीने उभं असलेलं. म्हणून मी सुरुवात समीकरणाने करते, आणि सायन्सच्या मुलांना ते लगेच पटतं:

मालमत्ता = देणी + भांडवल

धंद्याकडे जे जे आहे ते कुणाच्या ना कुणाच्या पैशातून आलेलं असतं, बाहेरच्यांच्या किंवा मालकाच्या. व्यवहार कोणताही असो, समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्याच राहिल्या पाहिजेत. मालमत्ता वाढली तर नावे. देणी किंवा भांडवल वाढलं तर जमा. कमी झालं तर उलट. उत्पन्नाने मालकाचं भांडवल वाढतं म्हणून उत्पन्न जमा, खर्चाने ते घटतं म्हणून खर्च नावे. आता देय पगार पाहा: देणं वाढलं, जमा. खात्याचा प्रकार आठवायची गरजच पडली नाही. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची ही दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या धर्मगुरूने १४९४ मध्ये छापून प्रसिद्ध केली, तीही गणिताच्या ग्रंथातला एक भाग म्हणून. विषय तुझ्या ओळखीच्या घराण्यातलाच आहे.

एक गोंधळ मात्र आत्ताच मिटवून टाक. बँकेचा मेसेज येतो, 'तुमच्या खात्यात ५,००० रुपये क्रेडिट झाले', आणि पुस्तक सांगतं बँकेत पैसे आले की बँक खातं डेबिट. मुलांना वाटतं दोघांपैकी एक चुकतंय. मेसेजमधलं वाक्य बँकेच्या वहीतलं आहे. तुझे पैसे बँकेने तुला परत द्यायचे आहेत, म्हणजे तिच्यासाठी ते देणं. देणं वाढलं म्हणून तिच्याकडे क्रेडिट. तुझ्या वहीत तीच रक्कम मालमत्ता, म्हणून डेबिट. बँक जुळवणी पत्रकात, म्हणजे आपली वही आणि पासबुक यांच्यातला फरक जुळवताना, पासबुकाच्या बाकीला अधिक-उणे करताना मुलं ज्या चुका करतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथे आहे. नोंद करण्याआधी 'ही वही कुणाची' हे विचारायची सवय लाव.

आता मुख्य गोष्टीकडे येते. अकाउंट्समध्ये खरं शिकायचं असतं ते पैसा आणि नफा यांच्यामधलं अंतर. गणिताखाली 'समायोजना' म्हणून ज्या पाच-सहा ओळी असतात, त्या शेपटासारख्या वाटतात आणि मुलं त्यांना घाबरून शेवटी हात लावतात. विषय त्या ओळींतच आहे. वरची तेरीज म्हणजे फक्त काय घडलं त्याची यादी. त्यातलं कुठलं या वर्षाचं, कुठलं पुढच्या वर्षाचं, हे समायोजना ठरवतात. एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. वही घेऊन माझ्याबरोबर लिहीत जा.

एकीने १ एप्रिलला ५,००,००० रुपये बँकेत टाकून बेकरी सुरू केली. २,४०,००० ची भट्टी घेतली. ती ८ वर्षं चालेल आणि नंतर तिला काही किंमत येणार नाही असं धरू. गाळ्याची परत मिळणारी अनामत ६०,०००. भाडं महिना १५,०००, पण तिने पुढच्या एप्रिलचंही आधीच देऊन टाकलं, म्हणजे १३ महिन्यांचे १,९५,०००. कामगाराचा पगार महिना १५,०००. मार्चचा द्यायचा राहिला, म्हणून दिले १,६५,०००. वीजबिल ६०,०००, सगळं भरलं. वर्षभरात मैदा, साखर, तूप वगैरे ६,००,००० चा माल घेतला, त्यातले ५०,००० दुकानदाराला द्यायचे आहेत. विक्री १०,५०,००० ची. हॉटेलांकडून १,२०,००० यायचे आहेत. घरखर्चाला तिने १,००,००० उचलले. ३१ मार्चला ४०,००० चा माल शिल्लक आहे.

आधी फक्त पैसा बघू. आले ५,००,००० आणि विक्रीचे ९,३०,०००. गेले भट्टीचे २,४०,०००, अनामत ६०,०००, मालाचे ५,५०,०००, पगार १,६५,०००, भाडं १,९५,०००, वीज ६०,०००, उचल १,००,०००. बँकेत उरले ६०,०००. पाच लाख घेऊन बसलेल्या बाईकडे वर्षअखेरीला साठ हजार. घरचे म्हणणार, धंदा बुडाला.

आता नफा. विक्री १०,५०,०००, पैसे आले असोत वा नसोत, कारण माल दिला गेला आहे. वापरला गेलेला माल ६,००,००० वजा शिल्लक ४०,०००, म्हणजे ५,६०,०००. पगार १२ महिन्यांचा १,८०,०००. भाडं १२ महिन्यांचं १,८०,०००. वीज ६०,०००. भट्टीचा घसारा, म्हणजे तिच्या किमतीतला या वर्षी वापरला गेलेला वाटा, २,४०,००० भागिले ८, म्हणजे ३०,०००. एकूण खर्च १०,१०,०००. नफा ४०,०००.

ताळेबंद: भट्टी २,१०,०००, अनामत ६०,०००, शिल्लक माल ४०,०००, ऋणको (ज्यांच्याकडून येणं आहे ते) १,२०,०००, आगाऊ भाडं १५,०००, बँक ६०,०००; बेरीज ५,०५,०००. दुसरीकडे भांडवल ५,००,००० अधिक नफा ४०,००० वजा उचल १,००,०००, म्हणजे ४,४०,०००, धनको (ज्यांना द्यायचं आहे ते) ५०,०००, देय पगार १५,०००, बेरीज ५,०५,०००. जुळलं.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघ. भट्टी घेतली तेव्हा २,४०,००० गेले, पण खर्च फक्त ३०,००० लागला. पुढच्या एप्रिलचं भाडं मार्चपूर्वीच दिलं, तरी ३१ मार्चला ते मालमत्तेत बसलं. ३० एप्रिल उजाडेल तेव्हा तो खर्च झालेला असेल. मालमत्ता आणि खर्च हे दोन्ही नावे बाजूला का येतात, याचं उत्तर यातच आहे. दोन्हीकडे पैसा लागलेलाच असतो. ज्याचा उपयोग अजून शिल्लक आहे ती मालमत्ता, ज्याचा उपयोग संपला तो खर्च. घसारा म्हणजे दरवर्षी एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवलेला भाग. घसाऱ्याचे पैसे कुठेतरी बाजूला ठेवलेले असतात असा समज पदवी हातात पडेपर्यंत कित्येकांच्या डोक्यात टिकून असतो. घसाऱ्यात एक रुपयाही कुठे हलत नाही.

आता त्याच आकड्यांवरून रोख प्रवाह पत्रक कर. नफा ४०,०००. घसारा नुसता लिहिलेला, म्हणून परत मिळव ३०,०००. ऋणकोंकडे अडकले १,२०,०००, मालात ४०,०००, आगाऊ भाड्यात १५,०००, हे वजा. न दिलेले धनकोंचे ५०,००० आणि पगाराचे १५,००० मिळव. येतं उणे ४०,०००. म्हणजे नफा चाळीस हजार असूनही रोजच्या धंद्यातून चाळीस हजार बाहेर गेले. भट्टी आणि अनामत उणे ३,००,०००, उचल उणे १,००,०००. एकूण ४,४०,००० कमी झाले. पाच लाखांचे साठ हजार झाले ते असे. हे पत्रक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला वेगळा धडा म्हणून येतं आणि मुलं अधिक-उणेची चिन्हं पाठ करतात. बेकरीवरून एकदा स्वतः काढलंस तर चिन्हं पाठ करावी लागणार नाहीत.

आणखी एक पायरी पुढे. ३१ मार्चला कळलं की एका हॉटेलचं शटर पडलं आणि त्याच्याकडचे ४५,००० येणार नाहीत. बुडीत कर्ज लिहिलं की ४०,००० नफ्याचा ५,००० तोटा होतो. बँकेतले ६०,००० मात्र जसेच्या तसे. उलट, भट्टी ८ ऐवजी १२ वर्षं चालेल असं मानलं तर घसारा २०,००० होतो आणि मूळ ४०,००० चा नफा ५०,००० दिसतो. भट्टी तीच, विक्री तीच. नफ्याचा आकडा असा अंदाजांवर उभा असतो. म्हणूनच लेखा मानकं लागतात, लेखापरीक्षक लागतो आणि अंदाज कशावरून बांधला ते लिहून ठेवावं लागतं. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात संगणकाचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं दिलं आहे. आयकरात त्याच संगणकावर घटत्या किमतीवर ४० टक्के घसारा मिळतो. दोन्ही आकडे आपापल्या कामासाठी बरोबर. हे ज्याला पचलं त्याला पुढे स्थगित कर (डिफर्ड टॅक्स, या दोन हिशेबांतल्या फरकातून येणारा) समजायला जड जात नाही.

शिल्लक मालाचंही तसंच. लेखा मानक २ सांगतं की माल खरेदी-उत्पादनाचा खर्च किंवा विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांपैकी कमी असेल त्या किमतीला धरायचा. पुस्तकात ही एक ओळ असते. महाराष्ट्रात ती ओळ किती वजनदार आहे ते साखर कारखान्याच्या ताळेबंदात दिसतं. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे नेमक्या ३१ मार्चला गोदामं भरलेली असतात. क्विंटलमागे शंभर-दोनशे रुपये मूल्यांकन इकडचं तिकडे झालं की नफ्याचा तोटा होऊ शकतो. त्याच साखरेवर बँकेचं मालतारण कर्ज उभं असतं आणि उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचा नियमही असतो. सांगली-कोल्हापूर, नगर, सोलापूरकडची असशील तर घरात कुणीतरी सभासद असेलच. अहवाल मागून घे आणि 'शिल्लक साखर' ही ओळ शोध.

आता सरावाचं. सोडवलेली गणितं वाचणं बंद कर. त्यातून फक्त ओळख होते. गणित घे, समायोजना झाकून ठेव आणि नुसत्या तेरजेवरून नफातोटा पत्रक आणि ताळेबंद मांड. तो जुळला की समायोजना एकेक करून उघड. प्रत्येकीनंतर नफा आणि ताळेबंदाची बेरीज पुन्हा काढ. देय पगार १५,०००: पगार वाढला, नफा १५,००० ने घटला, भांडवल तेवढंच घटलं, देणी १५,००० ने वाढली, बेरीज तीच राहिली. ताळेबंद कुठल्या समायोजनेला तुटला ते लगेच सापडतं. पहिले काही दिवस एका गणिताला तास-दीड तास जाईल, जाऊ दे. सगळ्या समायोजना एकदम लावून शेवटी फरक शोधत बसण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो आणि कळत काहीच नाही.

फरक आलाच तर आधी त्याला २ ने भाग. तेवढी रक्कम गणितात कुठे असेल तर ती चुकीच्या बाजूला गेली असण्याची शक्यता आहे. फरकाला ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल शोध, जसं ५,४०० च्या जागी ४,५००. ही युक्ती कारकुनांच्या पिढ्यांनी वापरली आहे आणि परीक्षेत दहा मिनिटं वाचवते. मात्र जुळलं म्हणजे बरोबर असं नाही. यंत्राच्या दुरुस्तीचे २०,००० यंत्र खात्याला नावे टाकलेस तर तेरीज जुळेल, ताळेबंदही जुळेल, आणि नफा मात्र जास्त दिसेल. तत्त्वाच्या चुका बेरजेत कधीच पकडल्या जात नाहीत.

परीक्षेपुरतं एवढंच: आकडेमोडीची टिपणं स्वच्छ लिही, कारण उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, आणि दर आठवड्याला एक गणित घड्याळ लावून सोडव.

टॅलीबद्दल. कोर्स जरूर कर, पण दुसऱ्या सेमिस्टरनंतर. टॅली ही बंगळूरची कंपनी, १९८६ ची. आपल्याकडच्या लहान-मध्यम धंद्यांच्या ऑफिसात नोकरीला गेलीस तर पहिल्या दिवशी समोर तेच उघडलेलं असेल. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. महिन्याभरात बोटांना सवय होते. बेरजा ते करतं, ताळेबंदही तेच काढतं. पण नवीन लेजर उघडताना ते विचारतं, 'अंडर' कुठे, म्हणजे हे खातं कुठल्या गटाखाली? गाळ्याची अनामत तू 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस'खाली टाकलीस तर सॉफ्टवेअर निमूटपणे घेईल आणि बेकरीचा ४०,००० नफा २०,००० तोटा म्हणून छापून देईल. माझ्या ऑफिसात मार्चअखेरीला आमचा सगळ्यात जास्त वेळ अशी चुकीच्या गटात पडलेली खाती सरळ करण्यात जातो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं, म्हणून आधी काहीतरी टाकू आणि नंतर गुपचूप बदलू ही पद्धत तिथे चालत नाही. बँक स्टेटमेंटवरून आपोआप नोंदी करणारी साधनं आता आली आहेत. नोंद टंकण्याचं काम त्यामुळे कमी होईल. नोंद योग्य आहे का, हे सांगणारी व्यक्ती लागेलच.

जीएसटीची नोंद कॉलेजात बऱ्याचदा घाईत उरकली जाते, म्हणून इथे दाखवते. १०,००० चा माल १८ टक्के करासह घेतला: खरेदी नावे १०,०००, इनपुट सीजीएसटी (केंद्राचा वाटा) नावे ९००, इनपुट एसजीएसटी (राज्याचा वाटा) नावे ९००, धनको जमा ११,८००. कर खरेदीत मिसळायचा नाही, कारण तो पुढे वजा मिळणार आहे. म्हणजे ती तुझी मालमत्ता. तोच माल राज्यातच १५,००० ला विकलास तर २,७०० कर गोळा केलास. तो सरकारचा, तुझं देणं. भरायचे २,७०० वजा १,८००, म्हणजे ९००. नफा ५,००० च. ज्या खरेदीवरचा कर असा वजा मिळत नाही तिथे मात्र कर वस्तूच्या किमतीतच जातो.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते अभ्यासक्रमात जवळजवळ नसतं: खरे ताळेबंद वाचणं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या आणि बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर फुकट मिळतात. दोन कंपन्या शेजारी ठेव. डी-मार्ट चालवणारी अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स आणि लार्सन अँड टुब्रो घे. किराणा रोखीने विकणाऱ्याकडे ऋणको नावापुरते असणार आणि मालाचा साठा मोठा; पूल-मेट्रो बांधणाऱ्याकडे येणी प्रचंड. त्यात टीसीएस ही सॉफ्टवेअर कंपनी मिळव, तिथे साठा जवळपास नसतोच. धंदा कसा चालतो ते ताळेबंदाच्या बाजूंवर उमटलेलं असतं. सगळा अहवाल वाचायचा नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या नमुन्यातला ताळेबंद, नफातोटा, रोख प्रवाह, आणि टिपांमधली लेखा धोरणं. एवढ्यालाच एक रविवार पुरे. मग बेकरीच्या प्रत्येक ओळीची मोठी बहीण तिथे शोध. भट्टी, अनामत, आगाऊ भाडं, सगळं सापडेल.

घराजवळच्या पतसंस्थेचा अहवालही तितकाच कामाचा. वार्षिक सभेआधी तो सभासदांच्या घरी येतो आणि रद्दीत जातो. तो तेवढा राखून ठेव. तिथे ठेवी देणी बाजूला आणि कर्जं मालमत्तेत दिसतील, म्हणजे बँकेच्या मेसेजबद्दल वर सांगितलेलं प्रत्यक्ष. थकबाकी किती आणि संशयित व बुडीत कर्जासाठी तरतूद किती, हे दोन आकडे शेजारी लिही. तरतूद तोकडी असेल तर वाटलेला लाभांश कशातून आला, हा प्रश्न तुला आपोआप पडेल. ठेवीदारांनी हा प्रश्न वेळेत विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि तो विचारायला बीबीएचं पहिलं वर्ष पुरेसं आहे.

आकडे खरे आहेत का, हे तपासण्याची बाजूही लक्षात ठेव. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. बँक शिल्लक म्हणजे ताळेबंदातली सगळ्यात सोपी, बिनवादाची ओळ मानली जाते. बँकेकडून थेट खातरजमा केली की काम झालं. बँक जुळवणी पत्रक हा पहिल्या सेमिस्टरचा कंटाळवाणा धडा वाटतो. त्याचं मोल अशा ठिकाणी कळतं.

परिव्यय (कॉस्टिंग) आणि व्यवस्थापकीय लेखांकन पुढच्या सेमिस्टरांना येईल. तिथे बेकरीचेच आकडे पुन्हा वापर. माल ५,६०,००० हा बदलता खर्च. बाकीचे ४,५०,००० स्थिर धर. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाचे सुमारे ५३ जातात, ४७ च्या आसपास उरतात. म्हणजे साधारण ९ लाख ६४ हजारांच्या विक्रीला ना नफा ना तोटा. आता विचार, हॉटेलांना १० टक्के सूट देऊन उधारीऐवजी रोखीने विकलं तर? हा प्रश्न सोडवायला वर्षभराची सगळी प्रकरणं एकत्र लागतात, म्हणून मी तो तोंडी परीक्षेत विचारते. भाग जप्ती (शेअर जप्त करणं), कंपन्यांचं एकत्रीकरण वगैरे कंपनी लेखांकनातल्या नोंदी लांबलचक असतात, पण समीकरण पक्कं असेल तर त्यांत नवीन असं फार थोडं.

सीएसाठी उशीर अजिबात झालेला नाही. दोन वाटा आहेत. बारावी झालीच आहे, त्यामुळे फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, आत्ताही नोंदणी करता येते आणि ते बीबीएबरोबर निभतं. दुसरी वाट पदवीनंतर थेट इंटरमीडिएटची, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची: अकाउंटिंग, ऑडिट, कायदा, अर्थशास्त्र, करप्रणाली, व्यवस्थापन अशांपैकी शंभर गुणांचे तीन पेपर असलेल्या कॉमर्स पदवीधरांना ५५ टक्के, इतरांना ६०. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे. तुझ्या विद्यापीठाच्या बीबीएतले पेपर या अटीत बसतात का, हे आयसीएआयच्या (सीएंच्या संस्थेच्या) संकेतस्थळावरच्या नियमाशी ताडून बघ आणि तोवर साठ टक्क्यांच्या खाली येऊ नकोस. सीए करायचं नक्की नसलं तरी त्याच संकेतस्थळावरचं फाउंडेशनचं अकाउंटिंगचं साहित्य उतरवून घे. ते फुकट आहे, आणि समायोजनांवरची गणितं त्यात भरपूर आहेत. सुरुवात अंतिम लेख्यांच्या (फायनल अकाउंट्सच्या) प्रकरणापासून कर.